शिंजीर आणि देवीचा कौल

आमच्या अष्टमी गावातल्या घरात, बैठकीच्या खोलीत, वर्षभर एका स्वर्गीय नर्तक पक्ष्याचा फोटो लावलेला होता. कुंडलिका नदीच्या काठच्या बाभळीवर बसलेला पांढराशुभ्र नर, शेपटीची लांब फीत वाऱ्यावर सोडलेली. मी हौसेनं त्याला फ्रेम करून घेतली होती. येणारा पाहुणा फोटोकडे बघायचा, मग माझ्या बायकोकडे बघायचा आणि "वा" म्हणून चहाचा कप उचलायचा. ती बाभळीत अडकलेली पॅकिंगची पट्टी होती, हे माझ्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं.

मला मोतीबिंदू झाला होता आणि मी दोष कॅमेऱ्याला देत होतो. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. देवाधर्माच्या बाबतीत मी काठावरचाच. आरतीत टाळ्या वाजवायच्या आणि लक्ष प्रसादाकडे. पेणच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मोतीबिंदू पिकत चाललाय, आता ऑपरेशनला थांबलात तर दिसेनासं होईल. तरी मी थांबलो, कारण मला भीती वाटत होती. डोळ्याजवळ कोणी हत्यार आणेल याची. लोकांना मात्र मी सांगत होतो, पडवीतल्या शिंजिराचं घरटं पुरं होऊ दे, त्याचे फोटो काढतो, मग बघू.

शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा पक्षी. नराचं पोट पिवळं, पाठीवर जांभळी झळाळी, चोच बाकदार. मादी बिचारी फिकी. आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर तिनं लोंबती पिशवी विणायला घेतली होती. गवताचे तंतू आणायचे, कोळ्याच्या जाळ्यानं ते एकमेकांना बांधायचे, दारावर चिमुकला छज्जा काढायचा आणि बाहेरून सालींचा भुसा चिकटवायचा, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं नुसता केर लटकतोय. हे सगळं काम एकटी मादी करते. नर तिच्या मागे मागे फिरतो आणि गातो. मी हे बायकोला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. "लग्न झाल्यापासून बघतेय," ती म्हणाली आणि घडी घातलेले कपडे आत घेऊन गेली.

शेवटी तिनंच तोडगा काढला. "माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही. देवीचं तरी ऐकाल? कौल लावू या." मी लगेच कबूल झालो. डॉक्टरांकडे 'नको' हे उत्तरच नव्हतं; देवीकडे निदान निम्मी शक्यता होती.

देवी बायकोच्या माहेरच्या गावाची. देऊळ म्हणजे चार खांबांवर पत्रा आणि मागे देवीची दाट राई. गुरवबुवांनी तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. तिच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर ऑपरेशन करायचं, डाव्यावरची पडली तर नाही. बुवांनी हात जोडले. "आई, ह्ये तुझं लेकरू हाय. डोळ्यांचं आपरेशन करायचं का नाय, तूच काय ता निकाल दे." मी मनात म्हटलं, आई, नाही म्हण. आयुष्यात इतक्या कळकळीनं मी काहीच मागितलं नव्हतं.

बराच वेळ काहीच पडेना. "इचार करतेय," बुवा म्हणाले. तेवढ्यात माझ्या कानाशी फुर्र झालं आणि ओळखीचं चिवचिवणं ऐकू आलं. गळ्यात कॅमेरा होताच. सवयीनं तो आवाजाच्या दिशेला धरून मी बटण दाबलं. काहीतरी पडल्याची कुजबुज झाली. मला समोर शेंदरी ढग सोडून काही दिसत नव्हतं.

"उजवी," बायको म्हणाली.

बुवा खाकरले. "व्हय, उजवीच."

मीही घाईघाईनं "हो, हो, उजवीच" म्हणालो. दिसलं नाही, असं कबूल करायची माझी तयारी नव्हती.

पेणला टेबलावर आडवा झालो तेव्हा माझी बोटं दोन्ही कडांना घट्ट धरून होती. डॉक्टर म्हणाले, सैल सोडा. मला वर्गात शिकवलेला धडा आठवला. पक्षी झोपेत फांदीवरून पडत नाही, कारण त्याला धरून ठेवावं लागतच नाही. तो अंगाचा भार टाकून बसतो, पाय दुमडतात आणि बोटं आपसूक आवळली जातात. इतकी वर्षं मी हे फळ्यावर काढत आलो होतो. त्या दिवशी मी तसा भार टाकला. आई, तूच होकार दिलास, आता तूच बघ, एवढंच म्हटलं आणि माझी बोटं सुटली.

डोळा उघडल्यावर घरी येऊन मी पहिल्यांदा भिंतीवरचा तो पट्टीचा फोटो उतरवला. मग कॅमेऱ्यातला देवळातला फोटो मोठा करून पाहिला. इतका सुरेख फोटो मी कधीच काढला नव्हता. मादी शिंजीर देवीच्या खांद्यामागचं कोळ्याचं जाळं खेचत होती, आणि तिच्या पंखाच्या वाऱ्यानं सुटलेली कळी हवेत होती. उजवी कळी जागच्या जागी होती. पडली होती ती डावी.

मी कॅमेरा बायकोसमोर धरला. म्हटलं, "देवी नको म्हणाली होती."

"तुमच्या डोळ्यांचंच विचारायला गेलो होतो ना?" ती म्हणाली. "तुमच्या नाकासमोर कळी पडली, आणि कुठली पडली ते तुम्हांला दिसलं नाही. आणखी काय सांगायला हवं होतं तिनं?"

पुढच्या मंगळवारी आम्ही नारळ घेऊन गेलो. भिंतीवर आता देवळातला तो फोटो आहे. रोज सकाळी मी त्याला हात जोडतो. शेजारी बायको उभी असली, तर जरा तिच्याकडेही वळून.