रविवारी जेवायला काय?

मॅलकी टूहीच्या धाकटीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी, आठ मे १९९३ ला झालं. माझ्या डायरीत नेहमीप्रमाणे आधी हवामान आहे: ढगाळ, पश्चिमेचा वारा, मेंढ्या रस्त्यावर. शाळेत सिस्टर बेनिग्नस सांगायच्या, ‘आधी हवामान लिहा, मन नंतर.’ मग चर्च, पांढरे झगे, टूहींच्या घरची न्याहारी. आणि शेवटी एक ओळ: ‘फुगा फुटला आणि मॅलकी टेबलाखाली गेला.’

गेला म्हणजे अक्षरशः झेपावला. टेबलावरचं कापड, जेलीचं भांडं आणि चहाची किटली सोबत घेऊन गेला. बाहेर आला तेव्हा केसांत लाल जेली होती.

“चमचा पडला होता,” तो म्हणाला.

“सापडला का?” कोणीतरी विचारलं, आणि सगळे हसले. त्याची बायको अट्रॅक्टा तेवढी हसली नाही.

मॅलकी सार्जंट होता. आयर्लंडमधल्या किल्डेअरच्या माळावरच्या आमच्या कॅम्पमध्ये जवानांना रायफल चालवायला शिकवायचा. एकोणीस वर्षांची नोकरी, त्यात तीनदा शांतिसेनेबरोबर लेबनॉन. तिसऱ्या खेपेहून आदल्या नोव्हेंबरात परतला होता. मी त्याच्याच घरांच्या ओळीत शेवटच्या घरात राहत होते. माझा नवरा कॉन सैन्यातच होता, त्याला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पलीकडच्या रेंजवरचा गोळीबार हे आम्हा सगळ्यांचं घड्याळ. पहिली फैर झाली की बायका दुसरा चहा टाकत. त्याच आवाजाने मॅलकी आता न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसतो, हे मला अट्रॅक्टाने जूनमध्ये सांगितलं.

“मिसेस लॉलर, घरात मुलं पायमोज्यांवर चालतात,” ती म्हणाली. “दार लावायचं तर मी आधी वर्दी देते. माझ्याच घरात!”

“आणि रेंजवर?”

“गेलाच नाहीये. तीनदा पाठ दुखते म्हणून सांगितलं. काल कॅम्पचे डॉक्टर म्हणाले, ‘सार्जंट, तुझी पाठ माझ्या पाठीपेक्षा चांगली आहे. खरं काय ते बोल.’ मग बोलला बिचारा.”

खरं बोलल्याचं फळ असं मिळालं: बारा ऑगस्टला मॅलकीने डॉक्टरांसमोर रेंजवर उभं राहून एका तुकडीचा नेमबाजीचा सराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत घ्यायचा. जमलं तर नोकरी कायम. नाही जमलं तर प्रकृतीच्या कारणाने निवृत्ती आणि सैन्याचं घर सहा आठवड्यांत रिकामं.

अट्रॅक्टा गेल्यावर मी १९६२ ची डायरी काढली. कॉन त्या वर्षी काँगोहून, तिथल्या शांतिसेनेतून, परतला होता. ‘कॉन थकलेला आहे’ हे वाक्य त्या डायरीत सत्तेचाळीस वेळा आहे. हवामान रोज वेगळं, वाक्य तेच. कशाने थकलास, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारू नये अशीच तेव्हा रीत होती.

दुसऱ्या दिवशी मी मॅलकीला बोलावलं. माझ्या मागच्या धुण्याच्या खोलीला जाड दगडी भिंती आहेत आणि खाली फरशी.

“हे काय?” माझ्या हातातलं हॅम उकडायच्या पातेल्याचं झाकण बघून त्याने विचारलं.

“तू ‘टाक’ म्हणालास की मी हे टाकणार. तू म्हणेपर्यंत नाही.”

“तुमचं डोकं फिरलंय, मिसेस लॉलर.”

“फिरू दे. हुकूम तुझा, आवाज माझा.”

पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून ‘टाक’ निघायला वीस मिनिटं लागली. झाकण पडलं तसा तो भिंतीला पाठ लावून घामाने निथळला. चौथ्या दिवशी नुसते डोळे मिटले. अकराव्या दिवशी, तीस जून, स्वच्छ ऊन, तो हातात चहाचा कप घेऊन “टाक, टाक, टाक” म्हणत होता आणि माझीच कंबर भरून आली होती. शेजारच्या मिसेस ब्रॉफीने कुंपणावरून विचारलं, “पातेली विकायला काढलीत का हो?”

आम्ही खूष होतो. मग बाराव्या दिवशी तो ‘टाक’ म्हणायच्या आधीच झाकण माझ्या हातून निसटलं.

मी बघितलं तेव्हा मॅलकी कपडे पिळायच्या यंत्रामागे उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. कपाच्या ठिकऱ्या झाल्या होत्या.

“संपलं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “हुकमाचा आवाज सोसतो मी. पण लेबनॉनमध्ये तोफगोळे काय मला विचारून पडायचे?”

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. अडुसष्टाव्या वर्षी खाली बसणं सोपं, उठण्याची काळजी नंतर. म्हटलं, “मग तिथे तुम्ही सगळे काय करायचात?”

मग तो सांगू लागला. गोळे पडायला लागले की त्याच्या हाताखालचे नऊ जण आणि तो वाळूच्या पोत्यांखालच्या खोलीत शिरायचे. दिवा नाही. हजेरी मॅलकीने घ्यायची. तो एकेकाचं नाव घ्यायचा, आणि ‘हजर’ म्हणायच्या ऐवजी त्या माणसाने सांगायचं, रविवारी घरी जेवायला काय असतं.

“एकदा दोघं भांडले. एकाच्या आईकडे गाजर आणि पार्सनिपचे कंद एकत्र कुस्करतात, दुसरा म्हणे हे पाप आहे. पाऊण तास! वर गोळे, खाली पार्सनिप. मारा कधी थांबला कळलंच नाही.” तो किंचित हसला. “भीती जेवणात अडकून राहते, मिसेस लॉलर. कशी ते मला विचारू नका.”

“आणि तुला कोणी विचारायचं?”

“काय?”

“तुझ्या घरी काय असतं ते.”

“मी विचारणारा होतो,” तो म्हणाला.

नऊ जणांची हजेरी, तीन खेपा, आणि दहाव्याचं नाव कोणी घेतलंच नव्हतं.

“सार्जंट टूही,” मी जमेल तेवढ्या कॉनच्या आवाजात म्हटलं, “रविवारी घरी जेवायला काय?”

“कोकरू,” तो म्हणाला. मग रडला, आणि रडता रडता सगळं ताट वाढलं: पुदिन्याची चटणी, वाटाणे, भाजलेले बटाटे, त्यातले कडेचे करपलेले अट्रॅक्टा त्याच्यासाठी बाजूला ठेवते ते.

त्या दिवसापासून ‘टाक’ बंद झालं. मी वाटेल तेव्हा झाकण टाकायची आणि लगेच विचारायची. नंतर अट्रॅक्टाही यायला लागली आणि फारच निर्दयपणे टाकायची. “सात महिने पायमोज्यांवर चाललेय मी,” म्हणायची, “आता वसूल करते.” दचकणं काही गेलं नाही. पण दचकल्यावर परतायचा रस्ता त्याला पाठ झाला.

बारा ऑगस्ट, गुरुवार, हलका पाऊस, दहानंतर उघडीप. पुढचं मला फेलिम कीओ याने सांगितलं. हा अथाय गावचा बेकर, चाळिशीचा, हौशी राखीव सैनिक, उन्हाळ्यात पंधरा दिवस कॅम्पला यायचा. आठ जण पालथे पडलेले, मागे मॅलकी, त्याच्या मागे वही घेऊन डॉक्टर. पहिल्या तीन फैरी मॅलकीच्या हुकमावर नीट झाल्या. चौथीसाठी गोळ्या भरत असताना फेलिमचं बोट घसरलं आणि हुकमाआधीच बार उडाला.

गोळी समोरच्या वाळूच्या बांधात गेली, कोणाला लागली नाही. पण मॅलकीचे गुडघे वाकले. डॉक्टरांचं पेन वर आलं. फेलिमने मान वळवली तर सार्जंट अर्धा खाली, तोंडाने पुटपुटत होता. “मला वाटलं प्रार्थना म्हणतोय,” फेलिम म्हणाला. “नीट ऐकलं तर ‘कोकरू, पुदिना, करपलेले बटाटे’!”

मग मॅलकी सरळ झाला. “थांबा! रायफली खाली!” आवाज पार मेंढ्यांपर्यंत गेला. त्याने एकेकाची रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि फेलिमजवळ उकिडवा बसला. त्या धिप्पाड माणसाचे दात वाजत होते.

“मला तुरुंगात टाकणार का, सार्जंट?”

“टाकू नंतर. आधी सांग, रविवारी घरी जेवायला काय असतं?”

“को... कोंबडी.”

“भरलेली?”

“कांदा घालून.”

“आणि पाव?”

“रविवारी मी पावाचं तोंड बघत नाही, सार्जंट.”

आठही जण हसले. फेलिमचे दात थांबले. मॅलकीने उरलेल्या सगळ्या फैरी त्याच्यासकट पूर्ण करून घेतल्या.

डॉक्टरांनी वही मिटली. “पाठ कशी आहे, सार्जंट?”

“कुठली पाठ, सर?”

मॅलकीने आणखी अकरा वर्षं रेंज चालवली. राखीव जवानांसाठी नोटीस बोर्डावर लावलेल्या सूचनांच्या खाली त्याने स्वतःच्या हाताने एक जास्तीची लिहिली होती: ‘हजेरी घेणाऱ्याचीही हजेरी घ्यावी.’ वरिष्ठांनी ती दोनदा काढली. तिसऱ्यांदा राहू दिली.

पण मला आठवतो तो त्या आठवड्यातला रविवार. टूही मंडळी माझ्याकडे जेवायला आली, मुलं बूट घालून, लाकडी जमिनीवर घोड्यांसारखी टापा आपटत. मॅलकी मागच्या दाराने आत आला, खुंटीवरचं झाकण काढलं आणि फरशीवर सोडून दिलं. त्या आवाजाने मिसेस ब्रॉफीचं कुत्रं भुंकलं. मी बटाटे उलटत होते, मान वर केली नाही.

“कोकरू,” मी म्हटलं. “हात धुऊन बस.”