येतो म्हणजे कधी?

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी कोकण गाठलं. मला कुणी विचारलं नाही. मग मी स्वारगेटवरून बारामतीची एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर पहाटेची गाडी बरी. बारामती स्टँडबाहेर मिसळ-चहा स्वस्तात होतो. पुढे इंदापूरच्या गाडीने अंथुर्णे. दोन्हीकडे ऊस. ट्रॅक्टरमागे अडकलात तर घड्याळ बघू नका.

अंथुर्ण्यात तात्या राहतात. माझ्या वडिलांचे वालचंदनगरच्या नोकरीतले सोबती. वडील केव्हाच गेले, गेल्या वर्षी तात्यांची बायको, आमच्या काकूही गेल्या. तात्या दारातच होते. "जय भीम," म्हणाले. आमच्यात भेटतानाही जय भीम आणि निघतानाही तेच, त्यामुळे नुसतं ऐकणाऱ्याला पाहुणा आलाय की चाललाय ते कळत नाही.

तात्यांनी स्वतः भाकरी थापल्या. कडा करपलेल्या, पण वांग्याचं कालवण फर्मास. जेवताना मी ज्ञान पाजळलं: निरोपाचा 'अच्छा' हिंदीतून आला, मूळ अर्थ 'चांगलं'. 'टाटा' म्हणजे इंग्रजांच्या पोरांचे बोबडे बोल. आणि 'जातो' आपण मरणाऱ्यासाठी राखून ठेवलंय, म्हणून जाताना 'येतो' म्हणतो. शब्दांच्या वेडापायी एकटा फिरतो, असं मी लोकांना सांगतो. खरं तर सोबत यायला कुणी नसतं.

चार वाजता निघालो. चपला घालता घालता म्हणालो, "येतो तात्या."

"कवा?"

मी हसलो. तात्या हसले नाहीत.

"काकूच्या मातीला आलतास, तवाबी येतो म्हनलास. मी गाडीच्या टायमाला हितंच बसायचो. नुसतं म्हनायचं असतंय, ते मलाबी कळतंय. पर सांग की, कवा?"

जय भीम करून सटकलो आणि पुण्यापर्यंत स्वतःचीच लाज वाटत राहिली.

घरी आलो, दिवा लावला. या सहलीतला रस्ता विसरेन, भाकरीही विसरेन, पण तो 'कवा' डोक्यातून जाईना. शेवटी फोन लावला. "पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार, तात्या. जेवायलाच येतो."

"बरं," ते म्हणाले. फोनवरच्या निरोपात जाणंही नसतं, येणंही नसतं. "ठेवू का?" मी विचारलं.

"थांब जरा."

मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.