मोडीत दिलेला फिल्टर

आमच्या घरात कॉफी करायचं जे जुनं पितळी भांडं होतं, ते मी सासूबाईंना न विचारता दुकानात मोडीत दिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे सांगताना स्वतःची बाजू सावरायचा मोह होणार नाही.

जळगावात कुणाच्याही घरी जा, पाण्याच्या पेल्यामागोमाग चहा येतो. आमच्याकडे कॉफी येते, आणि हवी का म्हणून कुणी विचारतही नाही. आम्ही चौघं, म्हणजे सासूबाई, हे, मी आणि मुलगी, दिवसाला बारा-चौदा कप सहज रिचवतो. रिक्षावाल्याला नुसतं 'कॉफीवाल्यांकडे' सांगितलं तरी तो बरोबर दारात आणून सोडतो. हे खूळ आणलं सासूबाईंनी. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं अजून तिकडच्या अहिराणीतलं, पण लग्नानंतरची बरीच वर्षं भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेली, आणि तिथल्या तमिळ शेजारणीने त्यांना फिल्टर कॉफीची चटक लावली. एवढंच मला माहीत होतं. जास्त विचारावं असं मला कधी वाटलं नाही.

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन पितळी डबे. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. वर पूड घालून उकळतं पाणी ओतायचं आणि खाली थेंब थेंब काढा उतरायची वाट बघायची. सकाळी सहाला आम्ही सगळे त्याच्याभोवती घुटमळत असायचो, आणि पहिला कप कुणाचा यावरून रोज कुरबुर. माझी शाळा सकाळची. एक दिवस भोकं बुजली, काढा काही उतरेना. राग माझ्या नाकावरच असतो. नवऱ्यादेखत, मुलीदेखत मी म्हणाले, "अक्का, या डबड्यापायी एक दिवस माझी नोकरी जाईल." मोतीबिंदूचे डोळे भांड्याला लावून अक्का सुईने एकेक भोक मोकळं करत बसल्या. मी तशीच, कॉफीशिवाय, पाय आपटत निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात अक्का धुळ्याला भावाकडे गेल्या आणि मी नवं मशीन आणायची संधी साधली. हे म्हणाले, अक्कांना येऊ दे, मग बघू. रोज सकाळी कॉफी-कॉफी करून घर डोक्यावर कोण घेतं, असं मी विचारल्यावर पेपर उघडून बसले. मुलीने मोबाईलवर दहा प्रकारची यंत्रं दाखवली. शेवटी आम्ही दोघी बाजारातल्या एका जुन्या दुकानात गेलो. खाली भांडी, वर मिक्सर, कुकर असलं सगळं. मुलीचा जीव कॅप्सूलच्या मशीनवर जडला. पण त्यात कपागणिक नवी कॅप्सूल लागते. आमच्या घरात त्यांचं पोतंच आणून ठेवावं लागलं असतं. काचेच्या भांड्यात पूड भिजवून वरून दट्ट्या दाबायचा, तेही एक होतं. अक्कांचा हात थरथरतो, ते बाद. गॅसवर ठेवायच्या किटलीत जेमतेम तीन कप मावत होते, म्हणजे सकाळचं भांडण कायम. मी त्या विक्रेत्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. शेवटी बारा कपांचा काचेचा जग असलेलं विजेचं मशीन घेतलं. पूड टाका, पाणी ओता, बटण दाबा, वर जग गरमच राहतो. काय शहाणी मी, असं वाटत होतं तेव्हा.

मग मी पिशवीतून फिल्टर काढला आणि गल्ल्यावर ठेवला. म्हटलं, हा मोडीत घ्या. मालकांनी तो हातात घेऊन उलटा केला. बुडाला काही अक्षरं कोरलेली होती, गोल गोल, झिजलेली, आपल्या लिपीतली नव्हेत. मी ती कितीदा तरी घासली होती, आणि कारखान्याची खूण असेल असं धरून चालले होते. खरं तर माझ्या स्वतःच्या लग्नातल्या पातेल्या-परातींवर नावं आहेत, शेजारी डबा गेला तर नाव बघूनच परत येतो. पण हे मला तेव्हा सुचलं नाही. मालकांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "ताई, यावर कुणाचं तरी नाव आहे. भांडं तुमचंच ना?"

"मग काय चोरून आणलंय?" मी म्हणाले, तेही असं की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. त्यांनी फिल्टर काट्यावर ठेवला. मुलगी माझ्याकडे न बघता बाहेर जाऊन उभी राहिली.

अक्का परत आल्या. मी मोठ्या हौसेने मशीनची कॉफी त्यांच्या हातात दिली. दोन घोट घेऊन त्यांनी फडताळाकडे पाहिलं आणि फिल्टर कुठे आहे म्हणून विचारलं. मी कौतुकाने सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ते आपलं नही शे, माय," त्या म्हणाल्या. "तिन्हं शे."

मग हळूहळू सगळं कळलं. त्या तमिळ शेजारणीचे वडील आजारी पडले, म्हणून ती घाईघाईने गावी निघाली. जाताना फिल्टर अक्कांच्या हातात देऊन गेली, मी येईपर्यंत वापरा म्हणाली. ती परत यायच्या आतच तिच्या नवऱ्याची बदली झाली, त्याने सामान हलवलं, क्वार्टर दुसऱ्याला मिळालं. पत्ता कुणाजवळच नव्हता. अक्कांना वाटे, ती कधीतरी येईल. नुसतं ठेवलं तर काळं पडेल, म्हणून त्या फिल्टर रोज वापरत, रोज चिंचेने घासत. आणि दर उन्हाळ्यात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळल्या की त्यातली एक चळत वेगळी बांधून ठेवत. ती त्यांच्या भाचीसाठी असते असं मी समजत होते. ती त्या बाईसाठी होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. हे मलाही माहीत आहे, मीसुद्धा शेजारची वाटी रिकामी देत नाही. म्हणून तर जास्तच मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तशीच दुकानात गेले. मोडीची भांडी ठेचून पोत्यात भरतात. पोतं आदल्या दिवशीच गेलं होतं. मालक रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मी विचारलं होतं, ताई." मला मान वर करवेना.

तेव्हा तरी घरी येऊन खरं सांगायचं. पण नाही. त्याच दुकानातून मी तसाच दिसणारा नवा पितळी फिल्टर घेतला. घरी कुणी नव्हतं. राखेने घासून त्याची चकाकी उतरवली, आणि वरवंट्याने त्याला दोन पोचे पाडले. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी मी, स्वयंपाकघरात दार लावून भांडं ठोकत बसले होते. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

संध्याकाळी तो अक्कांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मिळाला हो, अक्का. नशीब, पोतं गेलं नव्हतं."

त्यांनी तो मांडीवर घेतला. वरचा डबा काढला, परत बसवला. पोच्यांवरून हात फिरवला. मग तो उलटा केला आणि गुळगुळीत, कोऱ्या बुडावर अंगठा ठेवून सावकाश फिरवत राहिल्या, एकदा, दोनदा.

"हाई ते आपलं शे," त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. त्यांनी फिल्टर बाजूला ठेवला आणि फडताळावरच्या कापडात बांधलेल्या चळतीकडे बोट दाखवलं. "त्या बिबड्या काढ. तळी टाक. आते कोनले देवान्या शेतस?"

मी तळल्या. सगळ्यांच्या ताटात वाढल्या, अक्कांच्याही. त्यांनी एक मोडून खाल्ली आणि मीठ बरोबर पडलंय म्हणाल्या. मी खोटं बोलले हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलेलं नाही.