दातांच्या डॉक्टरांची कंबर

अकोल्यातल्या त्या दातांच्या डॉक्टरांचं नाव मी विसरलो, कंबर मात्र विसरलो नाही. एका पायानं दात कोरायचं यंत्र चालवत ते रोग्याच्या तोंडात असे वाकत, की मागून नुसता काटकोन दिसे. खुर्ची मागे कलायची, पण आमची माणसं कलतील तर ना! डॉक्टरपुढे लवंडणं म्हणजे बेअदबी. म्हातारे तर खुर्चीत चक्क मांडी घालून बसत. मीही ताठच बसलो होतो.

“गुरुजी, काहून ताठ बसून राहिले? मागं टेका, माह्या कमरेले आराम भेटू द्या!” ते कळवळले.

“तुमच्यापुढे? बरं दिसत नाही,” मी म्हणालो. ते पुन्हा काटकोनात वाकले.

पुढे माझा हात मुरगळला म्हणून मी अमरावतीच्या एका हाडवैद्याकडे गेलो. माझ्या आधी आत हेच डॉक्टर होते. म्हातारे वैद्य तेलाची वाटी घेऊन ओरडत होते, “अहो, पालथे झोपा ना! असं बसल्यावर कंबर कशी चोळू?”

सतरंजीवर मांडी घातलेल्या डॉक्टरांनी हात जोडले. “तुमी वडीलधारे मानूस. तुमच्यापुढं झोपू कसा?”

वैद्यबुवा कण्हत वाकले.