मुक्काम बहिणीकडे

नातीच्या मुलाखतीची तयारी मी करून घेतली. लातुरात तयारी या शब्दाला एकच अर्थ आहे: संभाव्य प्रश्न काढायचे, उत्तरे बसवायची आणि झोपेतून उठवले तरी सांगता येतील इतकी ती घोटायची. शाळेत मास्तर असताना मी मुलांकडून हेच करून घेत असे.

तिने डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दिली होती. गुण बेताचे आले. आणखी एक वर्ष शिकवणी लावावी, असे घरात सर्वांचे मत होते. तिने नकार दिला आणि नांदेडबाहेर नव्याने निघालेल्या एका निवासी विद्यापीठाचा विषय काढला. तिथे तिला माती आणि पाणी यांचा अभ्यास करायचा होता. माझा मुलगा, म्हणजे तिचे वडील, एवढेच म्हणाले, "आबा जाऊन बघतील. ते म्हणतील तसं." निर्णय असा माझ्याकडे आला.

त्या विद्यापीठाची रीत वेगळी होती. दुपारी मुलाखत. त्यानंतर उमेदवाराने रात्री वसतिगृहात, तिथल्याच एखाद्या विद्यार्थिनीच्या खोलीत मुक्काम करायचा, सकाळी वर्गात बसायचे आणि मग घरी जायचे. आपल्याला इथे राहणे जमेल का, हे मुलांनीही पाहून घ्यावे, असा त्यामागचा हेतू. सोबतच्या पालकासाठी आवारात पाहुण्यांची खोली होती.

रोज संध्याकाळी मी बैठकीत परीक्षक होऊन बसे. ती दार वाजवून आत येई.

"हात मांडीवर. टेबलावर नकोत."

"आबा, तिथं टेबल नसलं तर?"

"टेबल असतंच."

लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा ती लहान होती. घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली. ते सांगू का, असे तिने विचारले. मी नको म्हणालो. गावाचे रडगाणे परक्यांपुढे गाऊ नये, असे माझे मत होते. त्याऐवजी तिला जलसंधारणावर एक नेटके उत्तर लिहून दिले.

निघताना तिची वळकटी मी स्वतः बांधली. अंथरूण-पांघरूण तिकडे मिळते, असे ती सांगत होती. परक्या पांघरुणात झोप लागत नाही, असे मी म्हणालो आणि सुतळीची गाठ पक्की केली. तेव्हा तिथला मुक्काम मलाही मान्य होता, हे मुद्दाम नमूद करतो.

आदल्या दिवशी नांदेडहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"पोरगी होस्टेलात आन् तू पाहुण्याच्या खोलीत? मग मी कशाला हाय नांदेडात?"

"कामासाठी येतोय."

"काम दिवसा असतंय, दादा. रातीला माणसं घरी जातात. वरणफळं करून ठेवते."

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

एसटीत नातीने उजळणी केली नाही. अहमदपूरला मी टोकले, तेव्हा "पाठ आहे, आबा," म्हणून ती पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

विद्यापीठाच्या फाटकावर किनवटची एक मुलगी तिला न्यायला आली. नातीचा मुक्काम तिच्याच खोलीत होता. आश्रमशाळेत शिकून ती इथवर आली होती. तिने वळकटी माझ्या हातातून घेतली आणि खांद्यावर टाकली.

"हे कशाला आणलं गं? गादी टाकून ठेवली हाय मी. खिडकीकडची तुला."

मुलाखत होईपर्यंत मी लिंबाखालच्या पारावर बसलो. नात बाहेर आली ती हसतच. परीक्षेच्या निकालानंतर तिला तसे हसताना मी पाहिले नव्हते.

"काय विचारलं?"

"लातूरला पाणी कुठून येतं."

"मग?"

"घागरीचं सांगितलं." मग ती म्हणाली, "ऐकत होते, आबा. मध्ये कुणी बोललं नाही. आणि टेबल नव्हतं."

मी तिला शाबासकी द्यायला हवी होती. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. मी तो ऐकून घेतला आणि नातीला म्हणालो, "मुलाखत झाली. आता आत्याआजीकडे जाऊ. सख्खी बहीण गावात असताना दुसरीकडे मुक्काम करणे बरे दिसत नाही."

"रात्र इथं काढायची आहे, आबा. त्यासाठीच बोलावलंय."

"पाहायचे ते दिवसा पाहून झाले."

किनवटची मुलगी म्हणाली, "आजोबा, एक रात तर हाय. मी हाय की सोबत."

"तुमचे म्हणणे बरोबर आहे," असे मी तिला म्हणालो आणि वळकटी परत मागितली. नात माझ्यामागे चालू लागली. मोठ्यांशी वाद घालू नये, हे तिला मीच शिकवले होते.

बहिणीकडे वरणफळे झाली होती. तुपाची धार धरून बहीण वाढत राहिली. नात ताटातले संपवून उठली, हात धुतले आणि खिडकीशी जाऊन बसली. सकाळी वर्गाला सोडतो, असे मी म्हणालो. "राहू द्या," ती म्हणाली.

सकाळी ती आंघोळीला गेल्यावर बहिणीने चहा पुढे ठेवला.

"पोरगी रुसली हाय."

"तू इतका आग्रह केलास."

"मी करणारच. बहिणीनं बोलवायचं असतंय. तू न्हाई म्हणायचं, मी रुसायचं, पुढच्या खेपेला येतो म्हणायचं. आजवर न्हाईच म्हणत आलास की. कालच बरं ऐकू आलं तुला."

मी चहा घेतला. ती म्हणाली ते खरे होते. इतक्या वर्षांत नांदेडला कितीदा कामाने गेलो आणि संध्याकाळच्या गाडीने परतलो. बहिणीचा आग्रह मला कधीच बांधून ठेवू शकला नव्हता. अनोळखी छपराखाली नात झोपणार, हे आयत्या वेळी मला नको वाटले. ते तोंडाने म्हणवेना, म्हणून बहिणीचे घर पुढे केले.

पुढे विद्यापीठाने तिला प्रवेश दिला. मुलाने माझ्याकडे पाहिले. जावे, असे मी स्पष्ट सांगितले. या वेळी आढेवेढे घेतले नाहीत. नातीने नको म्हटले.

"का?"

"दिवसा सगळी कॉलेजं सारखीच दिसतात, आबा. दिवे लागल्यावर तिथं करमतं का, तेवढंच मला बघायचं होतं. घर सोडून मी कधी राहिलेली नाही. न बघता चार वर्षांसाठी जायचं धाडस मला होत नाही."

"पुन्हा जाऊन बघ. मी विचारतो त्यांना."

"आता त्यांना काय सांगायचं? तेव्हा आत्याआजीकडे वरणफळं होती म्हणून?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता, तर मी समजूत घातली असती.

तिने लातुरातच विज्ञान शाखेला प्रवेश घेतला. किनवटच्या मुलीचा अधूनमधून फोन येतो. नात तो गच्चीवर जाऊन घेते. वळकटी काही दिवस कोपऱ्यात तशीच पडून होती. मग सुनेला ती सुटेना म्हणून मीच गाठ सोडून दिली.

नात बहुतेक रोज दिवेलागणीच्या आत घरी येते. घरात माझ्याखेरीज सर्वांना त्याचे समाधान आहे. तिला उशीर झाला, तर मी फाटकापर्यंत जातो. ती वेळेवर आली, तर खुर्चीतून उठवत नाही.