म्हातारीकडे फिरवलेली पाठ

आमच्या लॉख अर्डन या सरोवरातल्या त्या प्राण्याला बाहेरचे लोक राक्षस म्हणतात. आम्ही नुसतं ‘म्हातारी’ म्हणतो. ती दिसली की बघत उभं राहायचं नाही, पाण्यावर आपलं कोण आहे ते आठवायचं आणि त्याला आधी किनाऱ्याला आणायचं, हे इथल्या प्रत्येकाला लहानपणीच सांगितलेलं असतं. म्हातारी उगीच वर येत नाही.

एफी मॅकव्हॅरिश या लॉखवर टपालाची बोट चालवायची. नवरा वारल्यावर तिने सुकाणू हाती घेतलं, तेव्हा तिचा दीर लाखलन धक्क्यावर चारचौघांत म्हणाला होता, “आता पत्रं माशांनी वाचायची.” त्यानंतर एकही पत्र भिजलं नाही. लाखलनने टोमणा मात्र मागे घेतला नाही.

एका सप्टेंबरात आमच्या हॉटेलात एक छायाचित्रकार उतरले. म्हातारीच्या एका फोटोसाठी ते दरवर्षी येत. व्यवस्थापक या नात्याने मीही त्यांच्याबरोबर एफीच्या बोटीत होतो. मी चहा ओतत असताना बेटापाशी पाणी फुगलं. काळी, ओली पाठ वर आली, तिच्यामागे आणखी एक उंचवटा. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

“जवळ घ्या बाई, जवळ घ्या.”

एफीने बोट वळवली, ती नेमकी उलट दिशेला.

“अहो, ती तिकडे आहे.”

“असू दे. ती बुडायची नाही,” एफी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “टॉर्मड, आज पाण्यावर कोण आहे रे?”

“लाखलन. खालच्या टोकाला, ट्राउट मासे धरायला गेलाय.”

“म्हणजे जड बूट घालून. कधी कुणाचं ऐकलंय त्याने?”

“या क्षणासाठी मी आयुष्यभर थांबलोय,” साहेब काकुळतीला आले.

“मग अजून थोडं थांबा.”

खालच्या टोकाला लाखलनची होडी उलटी तरंगत होती. तो तिच्या पाठीला कसाबसा बिलगून होता, ओठ निळे पडलेले. एफीने कॉलर धरली, मी पट्टा धरला. कॅमेरा खाली ठेवून साहेबांनीही हात दिला. आम्ही त्याला टपालाच्या थैल्यांवर आडवं केलं. पाणी ओकून झाल्यावर तो पुटपुटला, “एफी, पत्रं भिजतील.”

“भिजू देत. पहिल्यांदाच भिजतायत.”

साहेब फोटोविनाच परतले. बेटापाशी दिसले ते लाकडाचे ओंडके असतील, असं शहरातले शहाणे म्हणतात. आम्ही वाद घालत नाही. ओंडका असो की म्हातारी, आमच्या एफीने तिच्याकडे पाठ फिरवली, म्हणून लाखलन आज धक्क्यावर बसतो.

आणि नवे पाहुणे आले, की तोच छाती काढून सांगतो, “बोट घ्यायची तर एफीचीच घ्या. फोटो मात्र मिळायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.”