तिच्या वेगाचा चेंडू

बायको जाऊन एक पावसाळा उलटला. तिच्या साड्या, चपला मुलीनं वाटून टाकल्या, त्या मी देऊ दिल्या. पण जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा हटूनच बसलो. त्यात तिचा खेळ होता. खाली फळी, वर विटा, मधे चेंडू. फळीनं चेंडू परतवायचा, विटा फोडायच्या. दुपारची भांडी झाली की ती त्याच्यापुढं बसायची. मी हाक मारली की म्हणायची, "एवढा डाव संपवतो आणि च्या ठेवतो. बोंबलू नका." आमच्याकडं बायकाही 'संपवतो', 'ठेवतो'च म्हणतात. मी आतल्या खोलीत पडून नुसता आवाज ऐकायचो. टक, टक, टक. स्वतः कधी खेळलो नाही.

मुलीनं नवा कॉम्प्युटर आणला. राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्यानं जुन्यातला खेळ काढून नव्यात घातला. सुरू केला तर चेंडू दिसेचना. टर्रर्र झालं आणि डाव खलास.

"मामा, खेळ जुन्या मशीनच्या चालीवर बांधलेला हाय. नवं मशीन लई जोरात पळतंय," तो म्हणाला.

मी चौथी शिकलेला, पण जन्म कबनूरला कापडाच्या मागावर गेला. माग जास्तच पळायला लागला की मोटरीला लहान पुली घालायची, एवढं मला ठाऊक. म्हटलं, "मग पुली बदला की."

दुकानातली गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. एक म्हणालं, "ह्यात पुली नसती ओ, मामा!"

"नसंल तर बसवा. मी हितनं हलत न्हाय."

दुरुस्तीवाला वैतागला. नवा रंगीत खेळ देतो म्हणाला. "पावणं, रंगीत तुमच्या घरात लावा," म्हटलं आणि स्टूल ओढून बसलो. शेवटी त्यानं एक प्रोग्राम घातला. नव्या मशीनमध्ये जुन्या मशीनचं सोंग घेणारा. खेळ त्याच्या पोटात चालवायचा. दोन बटणं दाबली की वेग कमी, दुसरी दोन दाबली की जास्त.

"झाली की ओ पुली!" मी म्हणालो. आता तोही हसला.

घरी मुलीनं फळी हलवायची, मी डोळे मिटून ऐकायचं.

"आणि कमी कर."

"आप्पा, नीट चाललंय की."

"नीट न्हाय. तुझी आई असं खेळत नव्हती."

कमी केला तर आवाज रेंगाळला. वाढवला तर धावला. मुलगी कुरकुरत होती, मी सोडत नव्हतो. आणि एकाएकी टक, टक बरोबर आलं. मुलीचा हात थांबला, चेंडू खाली गेला. तिलाही कळलं होतं.

मग मी बसलो. माझी बोटं सुताच्या गाठी मारून जाड झालेली, बटणावर वेळेत पोचतच नाहीत. चेंडूमागून चेंडू गेले.

"आप्पा, जरा सावकाश करू? तुम्हाला जमंल."

"हात लावू नकोस त्याला," मी म्हणालो. "ती ह्याच वेगानं खेळायची. मी शिकतो."

आणि नवा डाव लावला.